बिशपांची भाऊबंदकी

"काकू, कपडे वाळत घालून झाले असतील तर या जरा कुंपणाशी. एक भानगड सांगायचीय."

"कोपऱ्यावरच्या बंगल्यातली ना?"

"छे हो! कॉन्स्टँटिनोपलची. इसवी सन 428."

"एवढी शिळी?"

"शिळी, पण झणझणीत. बादशहानं अंत्युखियाहून नेस्टोरियस नावाचा साधू आणून राजधानीचा मुख्य बिशप केला. हा म्हणतो, येशूच्या आईला, मरियेला 'देवमाता' म्हणू नका, 'ख्रिस्तमाता' म्हणा. दोन-तीन महिन्यांच्या तान्ह्याला मी देव म्हणणार नाही, असंही बोलला म्हणे. अर्थात ही साक्ष विरोधकांची, तेव्हा जरा जपूनच घ्या."

"मग काय चुकलं? देवाला कुठला आलाय जन्म!"

"पण अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल उसळला ना! येशूचे देव नि माणूस असे दोन कप्पे केले, तर क्रुसावर मेला तो नुसता माणूसच? मग आपलं तारण कसं व्हायचं?"

"हं… तेही खरंच की."

"मुद्दा खराच हो, पण पोटदुखी जुनी. 381 च्या परिषदेत कॉन्स्टँटिनोपलला रोमच्या खालोखाल मान मिळाला, तेव्हापासून अलेक्झांड्रियावाले धुमसत होते. 431 ला हा वाद मिटवायला इफिससला सगळे बिशप जमायचे होते. नेस्टोरियसच्या बाजूचे अंत्युखियाचे बिशप अजून वाटेत, तोवर सिरिलनं 22 जूनला सभा उरकून नेस्टोरियसला काढलंसुद्धा!"

"आणि मागून आलेले गप्प बसले?"

"कसले बसतायत! वेगळी सभा भरवून त्यांनी सिरिललाच काढलं. बादशहानं आधी सिरिल नि नेस्टोरियस दोघांनाही कोंडलं. मग सिरिलच्या माणसांनी दरबारात सोनं, गालिचे, हस्तिदंती खुर्च्या पोचवल्या. भेटींची यादी अजून शाबूत आहे."

"अगं बाई!"

"सिरिल परत गादीवर, नेस्टोरियस शेवटी इजिप्तच्या वाळवंटात. पुढं 451 मध्ये खाल्किदोनच्या परिषदेत ठरलं, ख्रिस्त एकच, पण स्वभाव दोन, देवाचा नि माणसाचा. सरमिसळ नाही, फारकतही नाही."

"म्हणजे त्या बिचाऱ्याचं निम्मं पटलंच की."

"पण धिक्कार कायम! माझ्या मते अन्यायच झाला. इकडे इजिप्तवाल्यांना दोन स्वभाव रुचेनात, त्यांचं कॉप्टिक चर्च वेगळं निघालं."

"नेस्टोरियसला वाली कुणीच नाही?"

"इराणातल्या चर्चनं पुढं त्याला गुरू मानलं. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय, की हिंदुस्थानात कल्लियाना इथं इराणहून नेमलेला बिशप आहे."

"कल्लियाना? म्हणजे…"

"काहीजण कोल्लम म्हणतात, पण बरेच अभ्यासक ते आपलं कल्याणच धरतात."