स्टेटस काढलंस का रे?

गेल्या वर्षी मे महिन्यात देवगडच्या थोरल्या काकांनी आंब्याची पेटी पाठवली. पाच डझनी. पेटी उघडली, गवत बाजूला सारलं, आणि वासानंच डोकं फिरलं असावं, कारण मी फोटो काढून तो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, 'काकांचं प्रेम'.

अकराव्या मिनिटाला बायको हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"डोंबिवलीला पेटी गेलीय का?"

डोंबिवलीला धाकटे काका राहतात. देवगडच्या बागेत त्यांचाही वाटा आहे, निदान त्यांच्या मते आहे. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो ना, तसं हे प्रकरण आमच्या घराण्यात कायम उघडंच असतं.

"काढ ते आधी."

स्टेटस ठेवायला मला कोणी शिकवलं नव्हतं. काढायला मात्र मुलीला हाक मारावी लागली. "बाबा, तुझं स्टेटस उघड. ती तीन टिंबं दिसतायत? दाब. आता डिलीट." मी डिलीटवर बोट नेलं, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब, कोणी पाहिलं ते तरी बघ." खाली डोळ्याचं चित्र असतं. त्यावर टेकवलं की पाहणाऱ्यांची यादी उघडते. तेवीस जण. सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात ताजं नाव, डोंबिवलीच्या काकूंचं.

इथे माझा निर्णय चुकला. मी काढलं. ठेवलं असतं तर काकूंनी ते एकदा पाहिलं असतं. काढल्यामुळे त्या रात्रभर पाहत बसल्या. सकाळी सात वाजता फोन. "काय रे, काल काहीतरी टाकलं होतंस, आता दिसत नाही. आंबट निघाले का?"

वास्तविक ही गोष्ट चोवीस तासांत आपली आपण जाणारी. दीड दिवसाच्या गणपतीपेक्षाही कमी मुक्काम. त्याला निदान आरती, नैवेद्य, वाजतगाजत निरोप असतो. स्टेटस कधी आलं नि कधी गेलं, कोणाला कळू नये अशीच त्याची रचना आहे. ही कल्पना स्नॅपचॅटनं २०१३ साली चालवली, ऑगस्ट २०१६ मध्ये इन्स्टाग्रामनं उचलली आणि २४ फेब्रुवारी २०१७ ला, स्वतःच्या आठव्या वाढदिवशी, व्हॉट्सअ‍ॅपनं ती आपल्या आत्या-मावश्यांच्या हाती दिली. त्याआधी स्टेटस म्हणजे नावाखालची एक ओळ असायची. ती काढून टाकल्यावर लोकांनी एवढा गलका केला की पुढच्याच महिन्यात तिला 'अबाउट' या नावानं परत आणावं लागलं. ट्विटरनंही 'फ्लीट्स' नावानं असलाच प्रकार काढला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये तो जगभर सुरू झाला आणि ३ ऑगस्ट २०२१ ला बंद पडला. चोवीस तासांत नाहीसं होणारं सदर नऊ महिन्यांच्या आत स्वतःच नाहीसं झालं. आपण काही एवढे शब्दाचे पक्के नाही. आपल्याकडे तात्पुरता म्हणून टाकलेला पत्रा नातवाच्या मुंजीपर्यंत टिकतो, आणि 'लवकरच येत आहोत' असं लिहिलेल्या फ्लेक्सवरचा चेहरा उन्हानं पांढरा होईपर्यंत चौकातून हलत नाही. अशा लोकांच्या हातात आपोआप जाणारी वस्तू दिली, तर तिला घालवण्याचे कष्ट ते शोधून काढणारच.

मुख्य कष्ट क्रमाचे आहेत. सकाळी नऊ वाजता आतेभावाचे सासरे गेल्याचं कळतं. आपण समईचं चित्र लावून 'भावपूर्ण श्रद्धांजली' ठेवतो. दहा वाजता बायको आठवण करते की आज भाचीच्या लग्नाचा वाढदिवस. तोही ठेवतो, वर गाणंही जोडतो. आता पाहणाऱ्याला समई दिसते, आणि ती विझायच्या आत सनई सुरू होते. दोन्ही एकाच वर्तुळात. यातलं एक काढायला हवं हे उघड आहे. पण कोणतं? सासरे काढले तर आतेभाऊ दुखावतो, भाची काढली तर जावई. एका परिचितांनी यावर तोडगा म्हणून दोन्हींच्या मध्ये सूर्यास्ताचा फोटो घातला. पाहणाऱ्यांना तोही श्रद्धांजलीतलाच वाटला. चारजणांनी त्याला हात जोडले.

काढायचं नसेल तर लपवायची सोय आहे. 'माझे संपर्क, यांना वगळून'. ही यादी प्रत्येक मराठी माणसानं मृत्युपत्राबरोबर जपून ठेवावी. माझ्या यादीत एकोणतीस नावं आहेत आणि प्रत्येक नावामागे एक फेरफार आहे. हे गोव्याच्या सहलीच्या वेळी वगळले, कारण लग्नाला सुट्टी मिळत नाही असं त्यांना सांगितलं होतं. हे नवीन गाडी घेतली तेव्हा, कारण त्यांचे उसने पैसे द्यायचे होते. सहल संपली, पैसेही फेडले, नावं राहिली. आता साधी तुळशीच्या लग्नाची शुभेच्छा ठेवली तरी ती एकोणतीस माणसांपासून लपून राहते, आणि त्यांना वाटतं हा हल्ली तुळशीचं लग्नसुद्धा लावत नाही.

आणखी एक सोय आहे. वाचल्याच्या निळ्या खुणा बंद केल्या की आपण कोणाचं स्टेटस पाहिलं ते त्याला कळत नाही. मात्र मग आपलं कोणी पाहिलं तेही आपल्याला कळत नाही. चाळीतल्या खिडकीला इतका न्याय्य पडदा कधीच नव्हता. आमच्या शेजारच्या काकांनी हे करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी खुणा पुन्हा सुरू. "आपल्याला कोण बघतंय ते कळलं नाही," ते म्हणाले, "तर ठेवायचं कशाला?" संपूर्ण माध्यमाचं इतकं प्रामाणिक समर्थन मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

राजकारणात ही कामं पगारी असायला हवीत. भाऊंचा वाढदिवस आला की रात्री बाराच्या ठोक्याला स्टेटस ठेवायचं, 'किती जणांनी पाहिलं' याचा स्क्रीनशॉट काढून भाऊंच्या पीएला पाठवायचा, आणि चोवीस तासांनी ते गेलं की पुन्हा ठेवायचं, कारण भाऊंचा वाढदिवस आठवडाभर चालतो. यापर्यंत ठीक. पण भाऊंनी पक्ष बदलला की? जुनं चिन्ह आपोआप जाण्याची वाट बघत चोवीस तास बसायचं म्हणजे चोवीस तास विरोधी पक्षात राहायचं. तेवढ्यात कोणी स्क्रीनशॉट काढला तर तो काढल्याचं व्हॉट्सअ‍ॅप कळवतही नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजभवनावर सकाळी सकाळी झालेल्या शपथविधीतून आलेलं सरकार सुमारे ऐंशी तास टिकलं. हिशेब केला तर तीन स्टेटस आणि वर तिसरा भाग. त्या चार दिवसांत अभिनंदनाचं स्टेटस ठेवून, काढून, पुन्हा ठेवून दमलेले कार्यकर्ते मी पाहिले आहेत. एकानं तर शेवटी गुलाबाचं फूल ठेवलं. कोणासाठी, ते लिहिलं नाही.

एवढं करून 'गेलं' म्हणजे गेलं, असं समजू नका. आपल्या फोनवरून गेलं, ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांच्यापासून गेलं. पाहून ज्यानं साठवलं, त्याच्याकडे ते आहेच, आणि तो कधीकधी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकानं ऑगस्ट २०२२ मध्ये कलम ३७० हटवल्याचा निषेध करणारं स्टेटस ठेवलं, सोबत पाकिस्तानला त्याच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०२४ ला रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा आणि शेजारी देशाला शुभेच्छा देण्याचा नागरिकाला हक्क आहे, असं सांगितलं. स्टेटसचं आयुष्य चोवीस तास, गुन्ह्याचं दीड वर्षाहून जास्त. मधल्या काळात, जुलै २०२३ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं एका वेगळ्याच प्रकरणात म्हटलं होतं की स्टेटस हे ओळखीच्यांनी पाहावं म्हणूनच ठेवलेलं असतं, तेव्हा ते जबाबदारीनं ठेवावं. शेजारच्या काकांचं म्हणणं खंडपीठालाही मान्य होतं, एवढाच मी यातून आमच्या मजल्यापुरता अर्थ घेतला.

इन्स्टाग्रामवर तर काढलेली स्टोरीही लगेच मरत नाही. ती 'नुकतंच डिलीट केलेलं' नावाच्या खोलीत चोवीस तासांपर्यंत बसून राहते. आणि जी काढलीच नाही, ती चोवीस तासांनी लोकांसमोरून उठून आपल्याच अर्काइव्हमध्ये जाऊन पडते. जुन्या घरातला माळा तो हाच. मुलगी म्हणते, "बाबा, तुझ्या पाच वर्षांपूर्वीच्या सगळ्या स्टोऱ्या आहेत त्यात." मी विचारलं, ती पावभाजीची पण? ती म्हणाली, तीन आहेत.

यंदाही पेटी आली. मी फोटो काढला नाही, वासही बेतानं घेतला. सावधगिरी म्हणून पहिला डझन डोंबिवलीला स्वतः नेऊन दिला. काकूंनी चहा केला, आंबे मोजून घेतले, गेल्या वर्षीचं काही बोलल्या नाहीत. मन हलकं झालं.

संध्याकाळी मुलीनं तिचा फोन पुढे केला. काकूंचं स्टेटस होतं. आंब्याची पेटी, पाच डझनी, गवत तसंच, खाली 'देवगडहून, थोरल्या भावजींचं प्रेम'. म्हणजे यंदा त्यांनाही गेली होती, आणि चहा पिताना त्यांनी ते सांगितलं नव्हतं. मी माझा फोन काढून पाहिला, खाली ओढून पाहिला, बंद करून सुरू करून पाहिला. माझ्या फोनवर काकूंचं स्टेटस नव्हतं.