कर्मणी प्रयोगाचे अर्थशास्त्र

इंग्रजी व्याकरणाच्या शिकवण्या आणि मुक्त बाजारपेठ यांचा परस्परसंबंध काय, असा प्रश्न ज्या सुज्ञांना पडत असेल, त्यांनी एखाद्या संध्याकाळी आमच्या शहरातल्या औरंगपुऱ्यातून अथवा टीव्ही सेंटरच्या चौकातून सावकाश चालत जावे. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत न सापडणारे ज्ञान त्यांना जिन्याजिन्यावर टांगलेल्या फलकांवरून विनामूल्य प्राप्त होईल. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत मुलाखतीला जावयाचे तर इंग्रजी हवे, या श्रद्धेने तेथे जमलेल्या तरुणांकडून रोज ‘व्हॉइस चेंज’ करवून घेतला जातो. फळ्यावर लिहिलेले असते, ‘द गव्हर्नमेंट अक्वायर्ड द लँड’. विद्यार्थी वहीत उतरवतो, ‘द लँड वॉज अक्वायर्ड बाय द गव्हर्नमेंट’. आणि मग मास्तर खडूने शेवटचे तीन शब्द खोडून सांगतात, की कर्ता महत्त्वाचा नसेल तेव्हा ‘बाय’पासून पुढचे सर्व गाळले तरी गुण कापले जात नाहीत. गेल्या तीन दशकांच्या आर्थिक धोरणाचे याहून नेमके भाष्य आमच्या पाहण्यात नाही.

परवान्यांच्या अमदानीत व्याकरणाची ही सोय नव्हती. तेव्हाही ‘आपली दरखास्त नामंजूर करण्यात येत आहे’ असेच खलिते येत. परंतु खाली कोणा अंमलदाराची सही असे, शिक्का असे, आणि दाद मागावयाला एक दफ्तर व एक खुर्ची असे. त्या काळाचे खरे वैभव पूर्ण भविष्यकाळात होते. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, तरी शेजारच्या गृहस्थाला ‘मुलीच्या लग्नापर्यंत स्कूटर मिळालेली असेल’ एवढेच म्हणण्याची मुभा होती. पुढे 24 जुलै 1991 रोजी नवे औद्योगिक धोरण जाहीर झाले, 18 उद्योग वगळता परवान्याची अट उठली, आणि भविष्यकाळाची जागा अखंड चालू वर्तमानकाळाने घेतली: देश विकसित होत आहे, शहर बदलत आहे, प्रस्ताव विचाराधीन आहे.

या नव्या व्याकरणाचा आमच्या शहराने लावलेला मुख्य नियम असा, की यश कर्तरी प्रयोगात सांगावे आणि अपयश कर्मणी प्रयोगात. ऑक्टोबर 2010 मध्ये येथील धनिकांनी एकाच वेळी सुमारे 65 कोटी रुपयांच्या 150 मर्सिडीज गाड्या घेतल्या, तेव्हा ‘वी बॉट देम’ हे वाक्य कर्त्यासह, क्रियापदासह आणि छायाचित्रासह देशभर गाजले. घासाघीस करून मिळवलेल्या सवलतीचेही कौतुक झाले. याउलट, 2014 मध्ये शहराचा पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडे सोपवण्यात आला आणि 2016 मध्ये तो करार रद्द करण्यात आला. सोपवला कोणी, रद्द करण्याजोगा मसुदा मान्य केला कोणी, हे विचारणारा मनुष्य व्याकरणदृष्ट्या असंस्कृत ठरतो. पैठणचे धरण 1976 मध्ये पूर्ण झाले, ते शहरापासून पन्नास-एक किलोमीटरवर आहे; तरीही ‘तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठ्याचे टप्पे एक दिवस पुढे ढकलण्यात आले आहेत’ ही सूचना वाचून गृहिणी पिंपांवर झाकणे ठेवतात आणि टँकरवाल्याला फोन लावतात. त्या व्यवहारात मात्र कर्ता, कर्म आणि रक्कम ही तिन्ही सुस्पष्ट असतात.

बाजार मुक्त झाला, म्हणून आमची तक्रार नाही. शेंद्र्याला मोटारी बनल्या, शेतकऱ्यांची मुले यंत्रांवर उभी राहिली, आणि शेंद्रा-बिडकीनच्या सुमारे 10,000 एकरांवर ‘ऑरिक’ ही औद्योगिक नगरी वसत आहे, हे सर्व खरे आहे. तक्रार इतकीच, की मुक्तीचा लाभ सर्वप्रथम कर्त्याला झाला. कंत्राटी कामगार ‘कमी करण्यात येतात’, दर ‘सुधारित करण्यात येतात’. आणि फारच खोदून विचारले तर बाजाराने केले असे उत्तर मिळते, जणू बाजार हा कोणी सही करणारा इसम आहे. एप्रिल 2020 मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर तर पुढे काही वर्षे या शहराला निर्वाचित नगरसेवकच नव्हते. कर्तृलोपाचा एवढा शुद्ध नमुना इंग्रजी व्याकरणकार रेन आणि मार्टिन यांनाही सुचला नसता.

ज्यांच्या पंतप्रधानपदाच्या काळात ते नवे औद्योगिक धोरण जाहीर झाले, त्या नरसिंह रावांनी हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीचे तेलुगू भाषांतर केले होते. म्हणजे ‘कोण’ हे सर्वनाम त्यांना ठाऊक होते; ते राजपत्रात उतरावयाचे राहून गेले.

म्हणून शिकवणीवर्गांच्या चालकांना आमची नम्र सूचना आहे, की कर्तरीचे कर्मणी करण्याचा सराव आता पुरे झाला. यापुढे महापालिकेच्या सूचना, औद्योगिक वसाहतीतल्या नोटिसा आणि मंत्रालयातली परिपत्रके वर्गात वाटून कर्मणीचे कर्तरी करून घ्यावे, आणि ज्या वाक्यात कर्ता सापडणार नाही त्याला शून्य गुण द्यावेत. मुलांना नोकरी मिळेल की नाही हे सांगता येत नाही. पण निदान ती कोणी दिली नाही, एवढे तरी त्यांना शुद्ध इंग्रजीत विचारता येईल.