आमेनच्या अलीकडे

दाभोळला बदलीची ऑर्डर आली तेव्हा बायकोने पहिला प्रश्न केला, "तिकडं चर्च आहे का?" मी विचारले, "तुझं की माझं?" लग्नाला अकरा वर्षे झालेल्या माणसाने असा प्रश्न विचारू नये. त्या रात्री पोळ्या जरा जाड होत्या.

बायको वसईची, रोमन कॅथलिक. मी नगरचा, प्रोटेस्टंट. दोघेही ख्रिस्ती, दोघांचा देव तोच, तरी चर्चच्या लेखी आमचे लग्न हा मिश्रविवाह. मी बँकेत नोकरी करतो, गृहकर्जाच्या फायली उपसण्यात उमेदीची वर्षे गेली. पण आमच्या लग्नाचे कागद बघून मी हात जोडले. तिचा दाखला, माझा दाखला, बिशपांची परवानगी, मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचे तिचे वचन. जामीनदार तेवढा मागितला नाही. तिच्या घरचा स्नानसंस्कार तो आमचा बाप्तिस्मा, तिची मिस्सा ती आमची उपासना, तिचे फादर ते आमचे पाळकसाहेब. सासूबाई येसू म्हणतात, माझी आई येशू म्हणते. एका 'स'च्या आणि 'श'च्या मध्ये सोळाव्या शतकातला सगळा युरोप बसला आहे.

आमच्या नगरकडे पंथ हा श्रद्धेपेक्षा भूगोलाचा विषय. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरला. मागाहून इंग्लंडची अँग्लिकन मिशन, एस.पी.जी., आली. ज्या गावात ज्या मिशनची शाळा, त्या गावाचा तो पंथ. माझ्या पणजोबांचे घर ओढ्याच्या पलीकडे असते तर मी अँग्लिकन झालो असतो. त्या चर्चच्या मुळाशी आठव्या हेन्रीचा काडीमोड. त्याचा आणि आमच्या पणजोबांचा संबंध काय? त्यांनी एकच लग्न केले आणि मुकाट निभावले.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. वडील सांगत, "रात्री झोपलो तो युनायटेड चर्चचा, सकाळी उठलो तो सी.एन.आय.चा. मधे मला कुणी उठवलंसुद्धा नाही." पंथ बदलला, पण आपापल्या बाकावरची जागा कुणी बदलली नाही.

आजी मात्र या सगळ्याच्या पलीकडची. पक्की प्रोटेस्टंट, मूर्तीपुढे मेणबत्ती लावणे म्हणजे पाप असे आम्हाला बजावणारी. पण दर सप्टेंबरात तिला श्रीरामपूरकडच्या एका भाचीची हटकून आठवण यायची आणि ती दोन दिवस गायब व्हायची. श्रीरामपूरजवळ हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. आजी वारली तेव्हा तिच्या 'उपासना संगीता'च्या पुस्तकात, बरोबर पश्चात्तापाच्या गीतांच्या पानांत, मारियामातेचे एक छोटे चित्र सापडले. कडा मेणाने चिकटलेल्या. वडिलांनी ते बघितले, पुस्तक मिटले आणि म्हणाले, "राहू दे तिथंच."

तर दाभोळ. रविवारी सकाळी सहज पायी जावे असे चर्च आमच्या घराजवळ नव्हते. तिचे नव्हते आणि माझेही नव्हते. निदान भांडण तरी मिटले. पण खाडीच्या दोन्ही काठांना चुकलीमाकली ख्रिस्ती माणसे होती. कुणी वीजप्रकल्पाच्या कामाला आलेली, कुणी दवाखान्यात, कुणी बोटीच्या इंजिनांवर. हळूहळू रविवारच्या संध्याकाळची बैठक सुरू झाली, एकदा दाभोळला, एकदा पलीकडे धोपाव्याच्या बाजूला. एक गोव्याचा मेकॅनिक, कॅथलिक. एक मल्याळी नर्सबाई आणि त्यांचे यजमान, मार थोमा चर्चचे. एक परभणीकडचा ड्रायव्हर, पेंटेकॉस्टल, ज्याच्या 'हालेलुया'ने आमच्या पत्र्यावरची मांजरे उठत. आणि आम्ही दोघे मिश्र.

वडीलकीचा वाद पहिल्याच दिवशी निकालात निघाला. मेकॅनिक चारशे-साडेचारशे वर्षांच्या गोष्टी सांगत होता, मी १८३१ वर अडलो होतो. नर्सबाईंच्या यजमानांनी शांतपणे चहाचा घोट घेतला आणि सांगितले की त्यांच्या परंपरेप्रमाणे सेंट थॉमस इसवी सन ५२ मध्ये केरळात उतरला. त्यानंतर ते कुठेही बसले तरी ती खुर्ची मुख्य ठरू लागली.

खरी पंचाईत प्रार्थनेत. प्रभूची प्रार्थना म्हणजे सगळ्यांची सामाईक मालमत्ता, तिथे तरी काही अडू नये. पण आम्ही प्रोटेस्टंट तीत 'ऋण' म्हणतो आणि कॅथलिक 'अपराध' म्हणतात. जसे आम्ही सोडले तसे तू सोड, असा मामला. आठवडाभर मासेमारीच्या बोटींच्या कर्जवसुलीला हिंडणारा माणूस रविवारी देवासमोर ऋण सोडल्याचे सांगतो, तेव्हा त्याचा आवाज आपोआप खाली जातो. अपराध हा शब्द मला फार सोयीचा वाटायचा. पण लहानपणी पाठ झालेली प्रार्थना जिभेवर नसते, ती घशाच्या खाली कुठे तरी असते. बदलता येत नाही.

दुसरी अडचण शेवटी. कॅथलिकांची प्रार्थना जिथे संपते तिथे आमचे अजून एक वाक्य उरलेले असते, राज्य आणि गौरवाचे. पहिल्या रविवारी मेकॅनिक आणि माझी बायको "आमेन" म्हणून मोकळे झाले आणि आम्ही बाकीचे पुढे निघालो. मेकॅनिकने एक डोळा उघडून पाहिले. आम्ही आमेनला पोहोचलो तेव्हा तो सौजन्याने पुन्हा "आमेन" म्हणाला. ड्रायव्हरभाऊंना वाटले, स्फुरण चढले. त्यांनी हालेलुया म्हटले. मांजरे उठली.

बाप्तिस्म्याचा प्रश्न ड्रायव्हरभाऊंनी काढला. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर शिंपडलेले पाणी ते हिशेबात धरत नाहीत. माणूस जाणता झाल्यावर पूर्ण बुडाला पाहिजे. त्यांना माझी मनापासून काळजी वाटत होती. एवढी वाशिष्ठी दारात आणि साहेब कोरडे! एकदा मी गंमतीने हो म्हटले, तर ते रविवारी टॉवेल घेऊनच आले. घरमालकीण खाला ओट्यावर बांगडे साफ करत बसल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले, हातातला बांगडा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मॅनेजरसाहेब, आत्ता ओहोटी आहे. धक्क्याच्या अलीकडं उतरलात तर मांडीपर्यंत चिखलात रुताल, पलीकडं उतरलात तर पाणी ओढून समुद्रात नेईल. धर्माचं काय ते तुमचं तुम्ही बघा. भाडं मात्र या महिन्याचं द्यायचंय." माझा बाप्तिस्मा भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात अडकला तो अजून तिथेच आहे. ड्रायव्हरभाऊ मला अजूनही 'ब्रदर' म्हणतात, पण त्यात थोडा उसासा असतो.

उपवासकाळ आला की बायको मांस सोडायची. मासे चालतात, असा तिच्याकडचा नियम. दाभोळात मासे खाऊन उपास करणे म्हणजे नागपुरात संत्री खाऊन उपास करण्यासारखे आहे. सुरमईच्या तुकडीकडे बघून मी एकदाच म्हणालो, "हे प्रायश्चित्त मलाही वाढ." पंथांच्या ऐक्याला या घरात खरी सुरुवात त्या दिवशी झाली असावी.

या सगळ्यात आम्हाला सांभाळले ते फेरीबोटीने. बैठक पलीकडे असली की शेवटची बोट गाठायची असते. प्रोटेस्टंटाची उत्स्फूर्त प्रार्थना कुठे संपेल याचा नेम नसतो. तो आधी देवाची स्तुती करतो, मग देशाचे नेते, मग आजारी माणसे नावानिशी, मग नावे न आठवलेली आजारी माणसे. पण खाली धक्क्यावर बोटीचा भोंगा झाला की आमच्यातला सगळ्यात लांब प्रार्थना करणारा माणूसही एका दमात आमेनला पोहोचायचा. मोठमोठ्या परिषदांना जमले नाही ते त्या भोंग्याला जमले.

मला पंडिता रमाबाई इथे कळल्या, नगरला नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला आणि लगेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला? ती ना मला येतात, ना माझ्या माणसांना. संस्कृत का नको? चर्चने सांगितले म्हणून मानायचे, की येशूच्या शब्दात सापडले म्हणून? वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि त्यांची ही पत्रापत्री आजही वाचताना घाम फुटतो. एवढी शिकलेली बाई हिंदू पंथांना कंटाळून इकडे आली, तर इकडेही पंथांचा बाजार भरलेलाच दिसला. त्यांनी तो बाजार पाहिला, भाव विचारले आणि कुठल्याच दुकानात बसल्या नाहीत. केडगावला मुक्ती मिशन उभे केले, कामाला लागल्या.

आणि रेव्हरंड टिळक तर याच रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावचे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, बावीस वर्षे मिशनमध्ये राहिले आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेलेही चालत, न घेतलेलेही. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे उघड सांगणारा हा माणूस. आमच्या ड्रायव्हरभाऊंना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण शेवटी त्यांनी घेतला ना? म्हणजे बाप्तिस्मा?" घेतला, म्हटले. ते निवांत झाले.

या किनाऱ्यावर तशी सगळ्यांचीच हजेरी लागून गेली आहे. बाणकोटला १८२३ साली स्कॉटिश मिशनरी उतरले. ज्यांच्या नावाचे मुंबईत कॉलेज आहे ते जॉन विल्सन १८२९ साली आले आणि इथेच बाणकोट-हर्णैला मराठी शिकले. १८४३ साली तिकडे स्कॉटलंडचे चर्च फुटले, पाळक कोणी नेमायचा या वादावरून. भांडण एडिंबराचे, पण विल्सनसाहेबांना पाणी सोडावे लागले ते मुंबईतल्या आपल्या शाळेच्या नव्या इमारतीवर. दापोलीला एस.पी.जी.ची शाळा, तिथे शिकलेले पां. वा. काणे पुढे धर्मशास्त्राचा इतिहास लिहून भारतरत्न झाले. मिशनच्या मंडळींनी याचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडला, देव जाणे.

सगळ्यात पहिली हजेरी मात्र सांगायला जड जाते. एका वर्षी एकतीस डिसेंबरच्या रात्रीची वॉचनाइटची प्रार्थना आमच्या घरी होती. त्या दुपारी मी दाभोळचा इतिहास चाळत होतो. पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडा, चौलच्या लढाईत मुलगा मारला गेला त्याचा सूड घ्यायला निघालेला, १५०८ च्या डिसेंबरच्या अखेरीस याच खाडीत शिरला. गाव जाळले, माणसे कापली, बायकापोरेही सोडली नाहीत. शिडांवर क्रूस. नाताळ होऊन आठवडाही झाला नव्हता.

रात्री मी ते सांगितले. सांगू नये असे बायकोने खुणावले होते. कुणी काही बोलेना. मग मेकॅनिक म्हणाला, "आडनाव आम्हाला त्यांनीच दिलं. परत कुणाला करायचं?" त्या रात्री उत्स्फूर्त प्रार्थना कुणी केली नाही. प्रभूची प्रार्थना तेवढी झाली, आणि 'ऋण' या शब्दावर मी नेहमीपेक्षा हळू झालो.

त्या रात्री एक गोष्ट घडली. प्रार्थना कॅथलिकांच्या मुक्कामाला आली आणि मेकॅनिक आमेन म्हणालाच नाही. थांबला. बायकोही थांबली. आणि आम्ही प्रोटेस्टंट, तो आमेन म्हणेल म्हणून थांबलो. डोळे मिटलेले, खाली खाडीचा आवाज, आणि सगळे एकमेकांसाठी खोळंबलेले. शेवटी नर्सबाईंनी पुढचे वाक्य उचलले आणि आम्ही सगळे एकदम पोहोचलो.

सकाळी खाला सांदणांची ताटली घेऊन आल्या. म्हणाल्या, "काल तुमचं सगळ्यांचं एकदम झालं. दर वेळी मागं-पुढं होतं." मी चपापलो, आमचा घोळ भिंतीपलीकडे ऐकू जात होता तर. म्हटले, "खाला, आमच्यात जरा वेगवेगळ्या रीती आहेत."

"आमच्यात काय नाहीत?" खाला पाटावर बसल्या. "आम्ही कोकणातले शाफई, आमीन मोठ्यानं म्हणतो. माझी मोठी सून हनफी घरातली, ती मनातल्या मनात म्हणते. असरची वेळ तिची वेगळी, माझी वेगळी. पहिलं वर्षभर मला वाटायचं, ही पोरगी आमीन म्हणतच नाही."

"मग?"

"मग काय? तिच्या ओठांकडं बघायला लागले." ताटलीवरचे फडके काढत त्या म्हणाल्या, "खा, गरम आहेत. आणि ताटली परत द्या, मागच्या नाताळातली अजून तुमच्याकडंच आहे."

येत्या रविवारी बैठक आमच्याकडे आहे. दाभोळच्या धक्क्यावर उतरून बँकेचे मॅनेजर कुठे राहतात ते विचारा, कुणीही सांगेल. कर्जदार असेल तर जरा आढेवेढे घेऊन सांगेल. तुमची प्रार्थना जिथे संपत असेल तिथे थोडे थांबा. शेवटची बोट चुकली तर अंथरूण आहे.