शकुंतलेचं इंजिन, अकलेचं यंत्र

कृत्रिम बुद्धिमत्तेला वेसण कशी घालायची, यावर विकसनशील देशांत सध्या चढाओढ आहे. आपण १९४७ पासून विकसनशील असल्यानं आपला अनुभव दांडगा. व्हिएतनामनं डिसेंबर २०२५ मध्ये कायदाच केला. ब्राझीलच्या सिनेटनं वर्षभर आधी विधेयक मंजूर करून खालच्या सभागृहाकडे ढकललं. त्याच ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात २०२३ मध्ये एका नगरसेवकानं पाणी-मीटरच्या चोरीबाबतच्या कायद्याचा मसुदा चॅटजीपीटीकडून लिहून घेतला. नगर परिषदेनं तो एकमतानं मंजूर केला आणि मग पठ्ठ्यानं लेखकाचं नाव जाहीर केलं. म्हणजे लिहिण्याचं काम यंत्राकडे गेलं. हात वर करण्याचं अजून माणसांकडेच आहे.

आपली तऱ्हा निराळी. १ मार्च २०२४ ला दिल्लीनं फर्मावलं, की कच्चं मॉडेल बाजारात आणायचं तर सरकारची परवानगी काढा. १५ मार्चला परवानगीची अट गायब! नोव्हेंबर २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर वेगळ्या कायद्याची तूर्त गरजच उरली नाही. महाराष्ट्रानं मात्र जून २०२५ मध्ये शेतीसाठी ‘महाॲग्री-एआय’ धोरण आणलं, ५०० कोटींचं.

हे सगळं ऐकून परतवाड्याच्या पानठेल्यावर एक म्हातारा शेतकरी म्हणाला, “कायदा येईन तवा येईन बाप्पा. करार कोनाच्या नावानं हाय, थे सांगा.”

म्हाताऱ्यानं शकुंतला रेल्वे पाहिली आहे. मूर्तिजापूर-अचलपूरची ही अरुंद लाइन एका विलायती कंपनीनं टाकली ती वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला न्यायला. ओढायला इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ चं. ते थेट १९९४ पर्यंत धापा टाकत होतं. स्वातंत्र्यानंतर बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्या, ही कंपनीच्याच नावावर राहिली. जमीन इथली, कापूस इथला, गाडी हाकणारं सरकार इथलं, आणि रुळांचं भाडं कंपनीला. कायदेमंडळं होती की तेव्हाही!

आता कापसाऐवजी डेटा भरायचा: संत्र्याच्या बागेचे फोटो, सातबारा, आपली वऱ्हाडी बोली. यंत्राचा मालक सातासमुद्रापार, आणि आपली चर्चा बनावट व्हिडिओवर शिक्का केवढा मारायचा याची.

म्हणून सरकारला एकच विनंती. ‘महाॲग्री-एआय’ धोरणाखाली होणारा प्रत्येक करार मराठीत छापून अचलपूरच्या तहसील कचेरीत लावा. डेटा कोणाचा, भाडं कोणाला आणि मुदत कधी संपते, एवढं ठळक अक्षरात असू द्या.