एकविसावा मोदक

आमच्या घरी संकष्टी कडक. कालनिर्णयात चंद्रोदय पाहायचा, मग आरती, मग नैवेद्य, मग पानं. मोठ्यांचा उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि वर दोन केळी. खरा उपवास घडतो तो चार वर्षांच्या चिरंजीवांना, कारण त्यांना हवा असतो मोदक, आणि मोदक असतात एकवीसच्या हिशेबात.

गेल्या संकष्टीला आईनं ताट मोजलं. वीस. एकविसाव्याच्या जागी केळीच्या पानावर तुपाचा गोल डाग. चिरंजीव देवघराच्या दारात, हनुवटीला गूळखोबरं.

"कोणी खाल्ला रे?"

"उंदरानं."

(संस्कार अगदीच वाया गेलेले नाहीत, वाहन कोणाचं, हे पक्कं ठाऊक आहे.)

एरवी उष्ट्या-खरकट्यावर आई अर्धा तास बोलली असती. पण नातू! "लेकरू म्हणजे देवच," म्हणाली आणि उरलेल्या उकडीचा मोदक वळायला बसली. माझ्या लहानपणी याच गुन्ह्याला पाठीत धपाटा होता. तेव्हा देव बहुधा शेजारच्या घरी राहत असावा.

चंद्र पावणेदहाला उगवला. देव साडेआठलाच झोपले होते.