पाण्याचं रिझर्वेशन

शहापूर-मुरबाडकडून रात्री होडीत बसावं, चांदण्यात आडवं व्हावं आणि पहाटे नदीकाठच्या गावी, म्हणजे कल्याणला दुर्गाडीच्या पायथ्याशी, डोळे चोळत उतरावं ही सहल कागदावर फारच सोपी आहे. नकाशात भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला मिळते आणि उल्हास कल्याणवरून खाडीकडे जाते. मध्ये कुठे गाडी बदलायची नाही, दादर नाही, पूल चढायचा नाही. प्रस्तुत लेखकाचा नौकानयनातला अधिकार बादलीत टमरेल तरंगवण्यापुरता आहे आणि तेही बहुधा बुडतं, हे आधीच कबूल केलेलं बरं. पण प्रवासावर मत द्यायला प्रवास केलाच पाहिजे ही अट आपल्याकडे कधीच नव्हती. तेव्हा वळकटी, चिवड्याचा डबा आणि फिरकीचा तांब्या एवढं सामान मनातल्या मनात बांधून, खुर्चीवरून न उठता, एक सिद्धान्त मांडतो. या भागात नदीतून रात्रीचा प्रवास करायची सोय आहे, चोख आहे, बारमाही आहे. फक्त ती माणसांसाठी नाही, पाण्यासाठी आहे.

इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांतच उरकतो. माळशेजच्या बाजूनं काळू उतरते ती जेवणाच्या पंक्तीला उशीर झालेल्या पाहुण्यासारखी. पावसाळ्यात तिच्यात होडी घालणं म्हणजे होडीला निरोप देणं. टिटवाळ्याजवळचा रुंद्याचा पूलच तेव्हा पाण्याखाली जातो, तिथे वळकटीची काय कथा? उन्हाळ्यात वरच्या अंगाला उरतात ते डोह आणि दोन डोहांमधले गोटे, म्हणजे होडी डोक्यावर घेऊन चालायचं आणि अधूनमधून तिच्यात बसून विसावा घ्यायचा. भातसेचं मात्र तसं नाही. ती मे महिन्यातही वाहते, कारण धरणातून तिला सोडलं जातं. ते पाणी नदीच्याच पात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं. तिथे ते उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मुंबईला धाडतात. मुंबईला रोज सुमारे चार हजार दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसेचं. म्हणजे शहापुरातून रात्री निघून समुद्रकाठच्या गावी नळातून उतरणारा प्रवासी आहेच. त्याला रिझर्वेशन आहे, त्याच्या वाटेत कुणी आडवं येत नाही आणि तो पोचला नाही तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. आता या वाटेवर होडीसारखं काहीच नाही असंही म्हणता येणार नाही. पिश्याच्या बंधाऱ्यावर हवेनं फुगवायचे रबरी फुगे आहेत, त्यांच्यावर दरवाजे तोलले जातात. मार्च २०२४ मध्ये त्यातला एक फुगा बिघडला आणि मुंबईत पाणीकपात झाली. हवा भरलेल्या रबराला इतकी प्रतिष्ठा दुसऱ्या कुठल्या नदीवर मिळाली नसेल.

यावर कुणी म्हणेल, माणसांनी इथे नदीतून रात्र काढल्याचं उदाहरणच नाही का? आहे, आणि ते सिद्धान्ताच्या बाजूनंच साक्ष देतं. २६ जुलै २०१९ च्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईहून कोल्हापूरला निघाली. म्हणजे बेत पंचगंगेच्या काठी सकाळी उतरायचा होता. सुमारे १०५० प्रवासी होते, त्यांत नऊ गरोदर बायका. मुरबाडच्या शेजारच्या पट्ट्यात, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, उल्हास नदीच गाडीला भेटायला आली. रूळ दिसेनात, मग रुळांखालची खडी कुठे आहे तेही कळेना, आणि गाडी जिथे होती तिथे उभी राहिली. बाहेर पाहावं तर दोन्ही अंगांना नदी. इतकी नदी की बोटीच्या सहलीची जाहिरात करणाऱ्यानंही एवढी कबूल केली नसती. वरच्या बर्थवाल्याला अशा वेळी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बर्थचा अभिमान वाटला असेल, आणि खालच्या बर्थसाठी टीसीशी हुज्जत घालून जिंकलेल्या माणसाचं काय झालं असेल याचा विचार करवत नाही. फिरकीचे तांबेही निघाले असतील. पण चहूकडे पाणी असताना प्यायचं पाणी मोजून प्यावं लागणं ही शहापूरकरांची नेहमीची परीक्षा, ती त्या रात्री हजारभर लोकांना एकदम द्यावी लागली. दिवस उजाडल्यावर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी होड्या आल्या, नौदल आलं, हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली, आसपासचे गावकरी आले. दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले. हे वाक्य मस्करीच्या ओघात पटकन वाचून जाऊ नये. पुराच्या पाण्यात थांबलेल्या गाडीतून एकेका गरोदर बाईला होडीत उतरवणाऱ्या हातांपुढे खुर्चीत बसून विनोद करणाऱ्यानं जरा उठून उभं राहायला हवं. (उभा राहिलो. बसलो.) पुढे त्या प्रवाशांना कल्याणहून खास गाडीनं कोल्हापूरला पाठवलं, आणि कर्जतची वाट बंद असल्यामुळे ती गाडी कसारा-मनमाडच्या फेऱ्यानं गेली. म्हणजे नदीची सहल झाल्यावर त्यांना शहापूर तालुकाही दाखवण्यात आला, पण रुळांवरून. तात्पर्य, माणसाला इथे नदीतून रात्रीचा प्रवास घडतो तो रेल्वेचं तिकीट काढल्यावर आणि सगळं चुकल्यावर.

इतिहासाचे जाणकार इथे खाकरतील. कल्याण हे प्राचीन बंदर. पेरिप्लस नावाच्या ग्रीक प्रवास-वृत्तान्तात त्याचा उल्लेख आहे, कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणची माणसं आहेत आणि १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी तिथल्या खाडीत जहाजं बांधायला घेतली. मग होड्या होत्याच की! होत्या, पण भरतीच्या पाण्यात. भरती कल्याणच्या अलीकडे-पलीकडे घुटमळते, शहापूरचा घाट ती चढत नाही. सातवाहनांच्या काळातल्या व्यापाऱ्यांचंच बघा. माल गलबतातून कल्याण-सोपाऱ्याला उतरायचा आणि तिथून मुरबाडमार्गे नाणेघाट चढून जुन्नरला जायचा. काळू नदी नाणेघाटाच्या मुलखातूनच येते. तिच्यातून माल फुकट वर नेता आला असता तर जकातीचा दगडी रांजण ज्यांच्यासाठी कोरला त्या हिशेबी मंडळींनी बैलांना वैरण घातली असती का? व्यापारी दोन हजार वर्षांपूर्वी पायी गेला यापेक्षा नदी होडी चालण्यालायक नसल्याचा भक्कम पुरावा दुसरा नसेल. राहिला सरकारी आक्षेप. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातले १११ जलमार्ग मोजलेत, आणि त्यात ५३ क्रमांकावर उल्हास नदी आणि वसईची खाडी सन्मानानं बसवलेली आहे. मान्य. पण तो मार्ग मुरबाडच्या दारातून जात नाही. मुरबाडकरानं जलमार्ग धरायला आधी एसटी धरून कल्याण गाठायचं, आणि एकदा एसटीनं कल्याणला पोचला की त्याचा प्रवास संपलेला असतो.

आणखी एक आक्षेप गंभीर आहे, आणि त्याला उत्तर देताना आवाज जरा चढतो. पाणी शहराला लागतं, ते आधी जाणारच, त्यात चेष्टा कसली? कबूल, मुंबईकर तहानलेला राहावा असं कुणाचंच म्हणणं नाही. १८९२ पासून तानसा आणि मग एकेक धरण, शहापूर देतच आलंय. पण त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो, आणि तहान भागवायला शेजारच्या इगतपुरीतल्या भावली धरणातून पाणी आणायची योजना करावी लागते, हे वाचल्यावर विनोदी लेखकाला काम उरत नाही. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण झिजून गुळगुळीत झाली, तरी वर्तमानपत्रांना ती दर एप्रिलला पुन्हा छापावी लागते.

तरीही, न्यायानं सांगायचं तर, प्रवाहाच्या उलट जाणारं एक जहाज या भागात आहे. ते सहा चाकांचं असतं, त्याच्या पोटात पाणी असतं आणि बाहेर नसतं, एवढाच जहाजाहून फरक. तांडेलाच्या जागी ड्रायव्हर, खलाशाच्या जागी क्लीनर. झाकणातून सांडणाऱ्या पाण्यानं धुळीत रेघ ओढत ते डोंगराकडे चढतं. खेपा वाढल्या की रात्र होते. पाड्यावरच्या विहिरीच्या काठाला हंडे आधीच रांगेत लावलेले असतात, ज्याचा त्याचा नंबर धरून, आणि बायका त्यांच्याशेजारी पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. दिवे वळणावर दिसले की कुणीतरी ओरडतं. टँकर मागे घेतात, पाइप विहिरीत सोडतात, खाली कोरड्या तळावर पाणी आपटतं, आणि ते नीट निवळण्याआधीच पहिली कळशी दोराला बांधून झालेली असते.