कणकुंबीचा शेवटचा पारंपरिक माणूस

पुण्याचा माणूस महाराष्ट्राबाहेर राहायला गेला की त्याला तिथल्या लोकांच्या कपड्यांची फार काळजी वाटू लागते. स्वतः त्याने उभं आयुष्य टेरिकॉटच्या पँटीत बँकेची लेजरं तपासण्यात घालवलेलं असतं. गावाकडच्या माणसाने मात्र धोतर नेसावं, मुंडासं बांधावं आणि आपला फोटो काढून होईपर्यंत शक्यतो बैलाशेजारी उभं राहावं, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते. मी त्याच वाणाचा.

निवृत्तीनंतरचा पहिला पावसाळा काढायला मी कणकुंबी निवडलं. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याच्या घाटाकडे निघालं की गोव्याच्या हद्दीआधी हे गाव लागतं. तालुका खानापूर, राज्य कर्नाटक, घरात बोलणं मराठी आणि पोरांच्या नोकऱ्या गोव्यात. माऊलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि सौंदत्ती, बदामी, पट्टदकल करत थेट बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगमला कृष्णेला मिळते. ज्या इरकलच्या साड्या मिरवल्या जातात ते गावही त्याच जिल्ह्यात. म्हणजे इथून पाणी तिकडे जातं आणि तिकडून लुगडी इकडे येतात, असा सुंदर सिद्धांत मी पुण्यातच रचला होता. त्यावर एक लेखमालाही योजली होती. उणीव फक्त लुगड्यांची होती.

येताना निपाणीत थांबून कोल्हापुरी चपला घेतल्या. या चपलेबद्दल मला विशेष आदर आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचं दुसऱ्या कशावर एकमत झालेलं मला आठवत नाही, पण २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. पुढे जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला पुरुषांच्या पायांत घातल्या, आपल्याकडे गदारोळ झाला आणि मग कंपनीने मूळ भारतातलं असल्याचं कबूल केलं. अशी चप्पल घालून मी आषाढात कणकुंबीत उतरलो. कर्नाटकातल्या सर्वांत जास्त पावसाच्या गावांपैकी हे एक. झाडपाल्यात कमावलेलं ते कातडं संध्याकाळपर्यंत पाणी पिऊन पुरीसारखं फुगलं आणि शेणाने सारवलेल्या ओट्यावरून मला सरळ अंगणात घेऊन गेलं. घरमालकीण मावशींनी वरून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, ते उचलून ठेवा की. दिवाळीला घाला." मिलानमध्ये चाललेली चप्पल कणकुंबीत चालली नाही. गावात सगळ्यांच्या पायात प्लॅस्टिकच्या सँडली होत्या, आणि ज्यांची मुलं गोव्यात बऱ्या नोकरीला होती त्यांच्या पायात गमबूट.

मावशी स्वतः गाऊन घालत आणि पुरुषमाणूस दारात आला की खांद्यावर टॉवेल टाकत. टॉवेल टाकला की पोशाख पूर्ण. त्यात त्या बँकेत जात, रेशनला जात, पाहुण्यांना चहा देत. लावणीला जाताना साडी, पण साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, कॉलरपर्यंत बटणं लावून, आणि डोक्यावर खोळ. घोंगड्याची खोळ शोधत मी आठवडे घालवले. इथली खोळ खताच्या रिकाम्या पोत्याची. पोतं उभं धरायचं, तळाचा एक कोपरा आत दाबून दुसऱ्या कोपऱ्यात बसवायचा, झालं टोपडं. ते डोक्यावर घातलं की उरलेलं पोतं पाठीवर पडतं. मावशींनी मला एकदा करून दाखवलं, चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळात. मी केलं तेव्हा टोपडं उलटं झालं आणि पाणी मानेतून सदऱ्यात शिरलं. पोत्यावर 'युरिया' अशी अक्षरं होती. ती माझ्या कपाळावर आली.

तरुणांचं तर बोलायलाच नको. शनिवारी गोव्याहून येणाऱ्या गाडीतून पोरं उतरत ती बर्म्युडात, पाठीवर मेस्सीचा दहा नंबर आणि दाढ्या 'के.जी.एफ.'च्या यशसारख्या. २०१८ च्या डिसेंबरात तो सिनेमा आला आणि सीमाभागात वर्षानुवर्षं कोणत्याही ठरावाला जमलं नाही ते झालं. मराठी गालांवर कन्नड दाढी आली आणि कुणी हरकत घेतली नाही. मुलींचे कुर्ते, लेगिंग, जीन्स मोबाइलवरून मागवलेले. गावात रेंज सगळीकडे नसल्यामुळे ठरावीक दगडावर उभं राहूनच खरेदी करावी लागते. त्या दगडापाशी संध्याकाळी जेवढी फॅशनची चर्चा चाले तेवढी मी लक्ष्मी रोडलाही ऐकलेली नाही. "हे कापड भिजलं की लवकर वाळतं काय गं?" हा प्रश्न प्रत्येक कुर्त्याला विचारला जाई. न वाळणारा कुर्ता परत जाई, मग तो कितीही सुंदर असो.

मी मात्र व्याकूळ. त्यात पुण्याहून बायकोचा फोन: "येताना दोन इरकली आण. भिशीतल्या सगळ्यांनी घेतल्या. खणाचा ब्लाऊजपीसही बघ." म्हणजे तिकडे कोथरूडमध्ये नथ, खण, काळपट चांदीचे दागिने, इरकल यांचा महापूर आणि इथे, जिथे हे सगळं सापडावं म्हणून मी चिखलात लोळत होतो, तिथे गाऊन आणि टॉवेल. शेवटी मावशींना थेट विचारलं, "तुमच्या सासूबाईंची लुगडी असतील ना? इरकली, शहापुरी?"

"व्हती की. ढीगभर."

"मग कुठे गेली?"

"तुम्ही रोज घेताय की अंगावर."

रात्री मी माझी वाकळ विजेरीच्या उजेडात तपासली. हीच ती वाकळ, जिला चुलीच्या धुराचा वास येतो म्हणून पहिल्या आठवड्यात मी नाक मुरडलं होतं. वरचा थर साध्या सुती तुकड्यांचा, पण कडेला उसवलेल्या भागातून आत हिरवं अंग आणि त्याला जोडलेला लाल पदर दिसत होता. त्या लालावर पांढऱ्या रेघा आणि दात्यांची नक्षी. इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा असतो. अंगाच्या ताण्याचे धागे आणि पदराच्या ताण्याचे धागे एकमेकांत फासे घालून जोडतात. टोप-तेणी म्हणतात त्याला. तो जोड मी बेळगावच्या खडेबाजारात दुकानदारापुढे भिंग लावून पाहिला होता आणि त्याला कंटाळा आणला होता. इथे तो जोड माझ्या गुडघ्याखाली होता. मी ज्याचा शोध घेत हिंडत होतो त्याच्यावर पाय पसरून घोरत होतो.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी ठरवलं की आपण स्वतः आदर्श घालून द्यावा.

गावातल्या एका आजोबांच्या माळ्यावर इरलं होतं. बांबूच्या दोन जाळ्यांत पानं दाबून केलेलं, उंदरांनी एका बाजूने चाखलेलं. आजोबांनी ते आनंदाने दिलं आणि मी वळल्यावर घरातल्यांना हाक मारून बाहेर बोलावलं. धोतर, बंडी, घोंगडी आणि वर इरलं असा मी चोर्ल्याच्या रस्त्याला लागलो. इरलं वाकलेल्या माणसासाठी केलेलं असतं, हे मला रस्त्यात कळलं. लावणीला वाकलं की ते पाठ झाकतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. ताठ चालणाऱ्याला त्यातून समोरचं दिसत नाही, आणि घाटावर वारा आला की त्याने ठरवलेल्या दिशेने जावं लागतं. धोतराच्या सोग्यातून जळवा वर चढत होत्या. मी कमरेत वाकून, झोकांड्या खात धबधब्याच्या वळणावर पोचलो, तेव्हा तिथे एक मोटार उभी होती. एम.एच. बारा.

"अंकल, एक फोटो?" खणाचा टॉप आणि काळपट चांदीचे झुमके घातलेली एक तरुणी हिंदीत विचारत होती.

"काढा ना, माझी काही हरकत नाही," मी म्हणालो.

"अरे, ऐकलंस?" ती नवऱ्याकडे वळली. "ही लोकं अजून किती शुद्ध मराठी बोलतात!"

मी सदाशिव पेठेत वाढलो हे सांगण्याची ती योग्य वेळ होती. पण तोवर त्यांनी मला दरीच्या कडेला उभं केलं होतं आणि इरलं जरा तिरकं धरायला सांगितलं होतं. तेवढ्यात मावशींचा नातू मोटारसायकलवरून आला. गोव्यातल्या हॉटेलातून सुट्टीला निघालेला, अंगात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी. मला पाहून तो थांबला.

"दादा, जरा बाजूला व्हाल का?" तरुणी म्हणाली. "फ्रेममध्ये येताय."

ज्याच्या पणजोबांची शेती समोरच्या उतारावर होती तो मुलगा निमूट बाजूला झाला आणि कणकुंबीचा पारंपरिक शेतकरी म्हणून माझे फोटो निघाले. जाताना नवऱ्याने माझ्या हातात शंभराची नोट कोंबली. मी नको नको म्हणालो, तेव्हा त्याला तो ग्रामीण स्वाभिमान वाटला आणि त्याने आणखी पन्नास दिले.

मुक्काम पुढे दिवाळीनंतरही लांबला. १ नोव्हेंबरला बेळगावला जायला निघालो तर मावशींनी ओट्यावरच अडवलं. माझ्या अंगात पिवळा कुर्ता, गळ्याला लाल खणाची पट्टी. "आज राज्योत्सव. आमच्यातले काय म्हणतील?" मी आत जाऊन काळा चढवला. त्या दिवशी १९५६ पासून मराठी माणूस काळा दिन पाळतो, हे मला बसस्टॉपवर एका हितचिंतकाने कानात सांगितलं आणि पुढच्या बंदोबस्ताचंही सांगितलं. मी घरी परतलो आणि दिवसभर बनियनवर बसलो. बनियनला अजून कोणत्याही राज्याने हरकत घेतलेली नाही.

त्या संध्याकाळी नातू मोबाइल घेऊन आला. माझा फोटो गोव्यातल्या त्याच्या हॉटेलच्या ग्रुपवर फिरत फिरत पोचला होता. "सर, आमच्या हॉटेलात एक कपल आलंय. लग्नाआधीचं शूट करायचंय, घाटात. त्यांना असलं कायतरी पाहिजे मागं उभं राहायला."

"मी?"

"मी बोललोय त्यांच्याशी. नुसतं उभं राहायचं पाचशे, इरल्यासकट आठशे. इरल्याचे दोनशे आजोबांना, शंभर मला." तो जरा थांबला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "फक्त ते धोतर नीट नेसा की. आजी शिकवेल म्हणालीय."